सांध्यावरची गाठ

"पाणी चावतं गो," मालतीवहिनी म्हणाल्या. उजवा हात पदरात गुंडाळून त्यांनी छातीशी धरला होता आणि नळापासून दहा पावलं लांब उभ्या होत्या. नळ तसाच वाहत होता. खालची कळशी भरून सांडत होती.

"असं कसं होईल, वहिनी?"

"मग तू लाव हात."

मी हात लावला नाही. खिशातला टेस्टर काढून नळाच्या लोखंडाला टेकवला. मे महिन्याचं ऊन, तळहाताचा आडोसा करून बघावं लागलं, पण आतला दिवा पेटला होता. मी धावत पडवीत गेले आणि मेन स्विच खाली ओढला. परत आले तोवर त्यांचे यजमान नाना राऊत बाहेर आले होते. वहिनींना ओट्यावर बसवून ते त्यांचा हात उलटसुलट करून बघत होते.

"कोपरापर्यंत बधिर झालाय," वहिनी म्हणाल्या. "भांडी घासताना धरला नळ, तर सोडताच येईना."

त्या क्षणी मला वहिनींची काळजी वाटायला हवी होती. खरं सांगते, मी आधी दिवस मोजले. अकरा झाले होते. अजून चार जायचे होते.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. रेवदंड्याच्या खाडीकाठचं आमचं गाव. आयटीआयमधून वायरमनचा कोर्स केलेली गावातली पहिली मुलगी मीच, हेमा तांडेल, आणि ही गोष्ट मला जरा जास्तच ठाऊक होती. कोर्सनंतरची पाच वर्षं मी परशुराम घरतांच्या हाताखाली काढली. आमच्या भागात प्रत्येक वाडीत विहीर, प्रत्येक विहिरीवर मोटर, आणि मोटर बिघडली की बोलावणं घरतकाकांना. माझा बाप गेला त्याच वर्षी मी त्यांच्या दुकानात पाय ठेवला. त्यांनी मला पक्कड धरायला शिकवली तशी माणसांशी बोलायलाही शिकवलं. त्यांच्या घरी जेवल्याशिवाय मला घरी सोडत नसत.

स्वतःच्या नावावर कामं घ्यायची तर परवाना लागतो, आणि परवान्याच्या अर्जाला ठेकेदाराच्या सहीचा अनुभवाचा दाखला लागतो. अर्ज महिनाअखेरच्या आत पोचवायचा होता. काका म्हणाले होते, "राऊतांच्या हिरीवर नवी मोटर बसवायची हाय. तू एकटी बसव. मी मदे येनार नाय. पंधरा दिवस बिनतक्रार चालली का सही करतो."

ती ही मोटर. विहिरीच्या पाण्यात बुडवून ठेवायची. माझं एकटीचं पहिलं काम.

"घरतांना बोलावतो," नाना म्हणाले.

"नको नाना. मी बघते."

"बघ बघ. पण आश्चर्य आहे. घरत तर म्हणाले फर्स्ट क्लास काम झालंय."

"काका आले होते?"

"तू फॉर्म आणायला अलिबागला गेलीस ना, त्या दिवशी. मोटर वर घेतली, बघितली, परत सोडली. म्हणाले, पोरीचं काम हाताखालून गेल्याशिवाय सही कशी करू?"

एवढ्या गडबडीतही मला बरं वाटलं. येणार नाही म्हणाले आणि तरी येऊन बघून गेले. मला त्यांनी सांगितलंही नाही, म्हणजे माझा मान ठेवला. असा माणूस आपल्याला मिळाला, असं मनात येऊन गेलं.

मग मी कामाला लागले. मोटरच्या तारा बोर्डातून सोडवल्या, मेन वर केला आणि नळाला टेस्टर लावला. काही नाही. म्हणजे घरातली वायरिंग ठीक होती. तारा परत जोडल्या, मोटर सुरू केली, टेस्टर पेटला. दोष विहिरीत होता. मेन पाडून मी अर्थिंगच्या खड्ड्याकडे गेले, तर माती बोटाने उडावी इतकी कोरडी.

"नाना, इथे रोज दोन तांबे पाणी घालायला सांगितलं होतं मी."

"राहिलं गो," नाना म्हणाले आणि टोपी सारखी करू लागले.

दोरीने दोन बादल्या काढून मी खड्ड्यात ओतल्या, माती भिजू दिली आणि मोटर पुन्हा सुरू केली. फ्यूज तिथल्या तिथे उडाला. एवढ्यावरून मला कळलं ते असं: आत तार कुठेतरी पाण्याला लागली होती. खड्डा ओला असता तर गळणारा करंट जमिनीत गेला असता, फ्यूज उडाला असता आणि मोटर नुसती बंद पडली असती. खड्डा कोरडा म्हणून तो पाइपातून चढत वहिनींच्या हातापर्यंत आला. विहिरीत तार उघडी पडायला जागा एकच होती. मोटरची तार आणि वरून आलेली केबल जिथे जोडतात तो सांधा. तो मी केला होता.

मोटर वर काढायला नाना आणि मी दोरीला लागलो तेवढ्यात फाटकातून लुना आत आली. नानांनी माझं न ऐकता शेजाऱ्यांच्या फोनवरून काकांना कळवलं होतंच.

काका आले, आधी वहिनींच्या हाताकडे बघितलं. "दवाखान्यात जावा वयनी. माजं ऐका." मग माझ्याकडे वळले. "काय झालं गो?"

"सांध्यात आहे बहुतेक."

"तुज्या सांद्यात?" ते म्हणाले. दोरीला त्यांनीही हात लावला.

मोटर वर आली. पाणी निथळत होतं. काकांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि सांधा दोन्ही हातांत घेऊन बोटांनी चाचपला. वर्षभरापासून ते सगळं असंच बघायचे. त्यांना तांबडी तार आणि काळी तार वेगळी दिसेनाशी झाली होती. हे गावात कोणालाही माहीत नव्हतं. कामावर मीच शेजारी उभी राहून हळूच "तांबडी, काका" म्हणायचे, आणि ते "म्हाईत हाय" म्हणायचे. त्यांच्या बायकोलाही मी हे कधी कळू दिलं नव्हतं.

सांधा करायची त्यांची एक पद्धत होती, दुसरं कोणी तसं करत नसे. तारा पिळायच्या, वर रबराची पट्टी ताणून गुंडाळायची, वर चिकटपट्टी, आणि सगळ्यावर मेण चोळलेला दोरा घट्ट आवळून घ्यायचा, म्हणजे पाण्यात वर्षानुवर्षं चिकटपट्टी सुटत नाही. दोरा काकांचा. पण दोऱ्याच्या शेवटी मी जी गाठ मारायचे ती माझ्या बापाची होती. जाळं विणताना तो मारायचा ती. शेपटाचं टोक आतून वळवून घ्यायचं, पाण्यात कितीही ताणली तरी ढिली होत नाही, आणि सोडवायची झाली तर डाव्या अंगाचं टोक ओढलं की एका झटक्यात सुटते. आमच्या घरात दोरा कापत नाहीत, सोडवतात. जाळ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला कात्री लावणं जिवावर येतं.

काकांनी दोऱ्याच्या एका बाजूने बोट घातलं. चिकटपट्टी सालीसारखी वर आली. आत सरळ तांबं दिसलं.

"रबरी पट्टी कुठं हाय?"

"लावली होती काका."

"लावलेली मग गेली कुठं? मासे खाऊन गेले?"

नाना आणि वहिनी दोघं बघत होते. मी सांधा हातात घेतला. पट्टी नव्हती. एक वेटोळंही नव्हतं. दुसऱ्या टोकाला दोऱ्यावर माझी गाठ होती, बारीक, घट्ट, जशी माझ्या हातून पडते तशी. मला पट्टी लावल्याचं आठवत होतं. ती दातात धरून ताणली होती, रबराची चवसुद्धा आठवत होती. पण गाठ समोर होती. या गावात तशी गाठ मारणारा माझा बाप होता आणि तो गेला होता. आठवण खोटी असेल, असं मी स्वतःला समजावलं. घाई केली असेन.

"गाठ तुजीच ना ही?" काकांनी विचारलं.

"हो."

"मी काय असली मारत नाय. मना जमत नाय ती." हे ते नानांकडे बघून म्हणाले.

"चुकलं माझं," मी म्हणाले. मग वहिनींकडे वळून पुन्हा म्हणाले. "वहिनी, माझ्यामुळे झालं. मला माफ करा."

नाना म्हणाले, "जाऊ दे. पोरगी आहे, घाई झाली असेल."

काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "अजून एक वरीस माज्याबरोबर रा. काय बिगरत नाय. सही कुठं पलून जात नाय." इतक्या मायेने म्हणाले की मला रडू आलं. सांधा नीट करून मोटर सोडून ये, असं सांगून ते गेले. नाना वहिनींना घेऊन दवाखान्यात गेले.

मी विहिरीच्या काठावर एकटी बसले. नाक पुसलं. सांधा मांडीवर घेतला आणि दोरा सोडवायला डाव्या अंगाचं टोक ओढलं.

गाठ सुटली नाही. आवळली.

वाटलं, मेण सुकलं असेल. पुन्हा ओढलं. आणखी आवळली. लहानपणापासून हजारो वेळा ती गाठ मी सोडवली होती, अंधारात, होडीत, ताप असताना. माझी बोटं चुकत नाहीत. मी उजव्या अंगाचं टोक ओढून बघितलं. एका झटक्यात सुटली.

म्हणजे गाठ उलटी होती, माझी नव्हती. आणि ती गाठ जगात आणखी एकाला येत होती, आणि त्याला ती मीच शिकवली होती.

तीन वर्षांपूर्वीची पावसाळ्यातली दुपार. दुकानात काम नव्हतं. काका म्हणाले होते, "तुज्या बापाची ती गाठ मना शिकव." मला इतका आनंद झाला होता! बाप गेल्यावर ती गाठ कोणीतरी मागून घेत होतं. मी टेबलाच्या या बाजूला बसले, ते समोर बसले, आणि मी हळूहळू मारून दाखवली. त्यांनी समोर जसं दिसलं तसं हुबेहूब केलं. म्हणजे उलटं. त्यांचं टोक भलत्याच अंगाला यायचं. ते माझ्या लक्षात आलं होतं, पण ज्यांनी मला सगळं शिकवलं त्यांची चूक कशी काढायची? मी "जमली काका" म्हणाले. मग त्यांनीच दोरा टाकून दिला. "नको. ही तुजीच राहूं दे," म्हणाले. त्यानंतर त्यांना कधी मारताना बघितली नाही.

माझी आठवण खोटी नव्हती. मी पट्टी लावली होती. मी अलिबागला गेले त्या दिवशी मोटर वर आली होती.

मी सांधा केबलपासून कापून वेगळा केला. आयुष्यात पहिल्यांदा दोरा बांधलेल्या सांध्यावर कात्री चालवली. नवीन सांधा केला, पट्टी दोनदा गुंडाळली, मोटर सोडली, सुरू केली, नळाला टेस्टर लावला, मग स्वतःचा ओला हात लावून बघितला. पाणी गोडं, गार होतं. मग मी दुकानात गेले.

काका स्टुलावर बसून एका जुन्या मोटरची कॉइल भरत होते. मी टेबलावर मेणाचा दोरा ठेवला.

"काका, ती गाठ मारून दाखवा."

"कंची?"

"बापाची."

"मना येत नाय ती."

"येते. मीच शिकवली. मारा."

माझा आवाज त्यांनी तसा कधी ऐकला नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दोरा उचलला. बोटांनी मारली, न बघता. सुंदर मारली. मी खिशातून कापलेला सांधा काढला, दोऱ्याचं सुटलेलं टोक त्यांच्या तळहातावर ठेवलं. पीळ अजून तसाच होता.

"ही तुमची आणि ती माझी यात फरक आहे. तुम्ही माझ्या समोर बसून शिकलात. तुमची उलटी पडते."

ते बोटांनी पीळ चाचपत राहिले. मी म्हटलं ते खोटं आहे, असं ते म्हणाले नाहीत. मी तेवढ्याची वाट बघत होते. त्यांनी खोटं तरी बोलायला हवं होतं.

"तू गेली असतीस गो," शेवटी ते म्हणाले.

"कुठे?"

"परवाना आला का तुजं तू बगतीस. मना आता तारा दिसत नाय, तुला म्हाईत हाय. तू बाजूला नसलीस त मी काय करनार? एक वरीस. फकस्त एक वरीस मांगत होतो."

"मागायचं होतं मग."

"कसं मांगू?"

"वहिनींचा हात गेला असता. जीव गेला असता."

"तसं नाय केलेलं मी." आता मात्र ते घाईने बोलले. "फ्यूज उडेल नि मोटर बंद पडेल, येवढंच केलेलं. खड्डा सुका असंल हे मना काय म्हाईत? हिरीत तार सोडताना मी हिशोब केलेला."

हिशोब केलेला. कोणाला मारायचं नाही, फक्त माझं नाव मारायचं, हा हिशोब. आणि त्यासाठी माझ्या बापाची गाठ वापरली होती. पट्टी काढून नुसतं सोडून दिलं असतं तरी चाललं असतं. पण ते माझंच वाटायला हवं होतं, म्हणून बसून, आठवून, मेण चोळून गाठ मारली होती. मी सांधा परत खिशात टाकला.

"राऊतांकडे चला. त्यांना सांगा."

"तेवडं नको सांगू," ते म्हणाले. " या गावात माजं काय राहील?"

"आणि माझं?"

त्यांनी टेबलाचा खण उघडला. माझा फॉर्म आत घडी घालून ठेवला होता. तो उलगडून समोर घेतला, पेन काढलं, आणि कागदावर हात फिरवत थांबले.

"कुठं करू सही?"

त्यांना ओळ दिसत नव्हती. मी फॉर्म फाडून त्यांच्या तोंडावर फेकायला हवा होता. राऊतांच्या अंगणात जाऊन ओरडून सांगायला हवं होतं. हे मी तेव्हापासून कितीदा स्वतःला सांगितलंय. घरी आई होती, धाकटी बहीण होती, अर्ज पोचवायला सात दिवस उरले होते आणि माझ्या अनुभवाचा दाखला दुसरा कोणी ठेकेदार देऊ शकत नव्हता.

मी सहीच्या जागेवर बोट ठेवलं.

त्यांनी माझ्या बोटाला खेटून सही केली. मी कागद घेतला आणि बाहेर पडले. सही घेतली म्हणजे तोंड बंद ठेवायचं, असं दोघांपैकी कोणी बोललं नाही. बोलायची गरज नव्हती. त्या दिवसानंतर मी त्यांच्या दुकानाची पायरी चढले नाही.

परवाना आला. मी चौलला दुकान काढलं. काकांचं काम पुढच्याच पावसाळ्यात बंद झालं. डोळ्यांमुळे, लोक म्हणाले. माझी कामं वाढत गेली, पण आमच्या गावातल्या वाड्यांतून मला बोलावणं आलं नाही. तिथे सगळ्यांना माहीत होतं की हेमाच्या पहिल्याच कामात राऊतांच्या मालतीबाईंना शॉक बसला.

बारा वर्षांनी काका गेले. मी भेटायला गेले. जायला नको होतं असं मन म्हणत होतं, पण मी त्यांच्या घरचं पाच वर्षं जेवले होते. बायकांत बसले, काकींचा हात धरला, उठले. मालतीवहिनीही तिथेच होत्या. केस पांढरे झाले होते. परत जाताना वाटेत त्यांचं घर लागतं. "पाय धुवून जा," त्या म्हणाल्या.

अंगण तसंच होतं. ओटा तोच, नळ तोच. पडवीत माझा बोर्डही तोच होता. विहिरीत माझीच मोटर चालू होती. बारा वर्षांत तिला कोणी हात लावला नव्हता, असं वहिनी म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, खूप दिवस मनात ठेवलेलं बोलावं तसं, म्हणाल्या, "देवमाणूस गेला गो. तुझी एवढी चूक पोटात घातली, वर सहीसुद्धा दिली. दुसरा कोणी असता तर दारात उभं केलं नसतं तुला."

हे बोलता बोलता त्यांनी पदराचं टोक हाताभोवती गुंडाळलं, एकदा, दोनदा, आणि मग त्या गुंडाळलेल्या हाताने नळ सोडला. रोजची सवय असावी, त्यांचं लक्षही नव्हतं.

मी पाय पुढे केले.

"हो वहिनी," मी म्हणाले.